ताण कोण सांभाळतो?

अब्बांनी विट्यात यंत्रमाग चालवले. कापडात पट्टी पडली की मालक मजुरी कापायचा. पण साध्या मागावर उभ्या धाग्यांचा ताण राखतं कोण? बीमला गुंडाळलेल्या साखळीला वजन टांगलेलं असतं. सूत संपेल तसं बीम बारीक होतं; वजन तेवढंच राहिलं तर ताण वाढून धागे तुटतात. अब्बा बोटांनी सूत चाचपत आणि वजन कमी करत. ऑटोलूमवर हेच काम यंत्र करतं, त्याचे लाखो रुपये मोजता. माणूस करतो तेव्हा तो ‘अकुशल’! मजुरी फक्त मीटरवर आणि पिकांवर. कबीर विणकर होता, हे व्याख्यानांतून आपणही मिरवतो. मग आपल्याच मोहल्ल्यातल्या विणकराच्या बोटांचं मोल कधी मागणार?