मोटार का जळाली?

"व्होल्टेज पडलंय, मोटार बंद कर, नाहीतर जळेल." निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत वाढलेल्या मुलाने हे वाक्य लहानपणापासून ऐकलेले असते. हाच मुलगा पुढे नाशिकला बी.एस्सी.ला येतो, विद्युत आणि चुंबकत्वाच्या पेपरची तयारी करतो, ओहमच्या नियमावरची वीस-पंचवीस न्यूमेरिकल्स सोडवतो. त्याला विचारून पाहा: व्होल्टेज कमी झाले तर करंटचे काय होईल? तो क्षणात सांगेल, करंट कमी होईल. मग कमी करंटने मोटार जळते कशी? इथे तो थांबतो. वडील चुकतात असे म्हणवत नाही आणि नियम खोटा असेही म्हणवत नाही. पदवीचे भौतिकशास्त्र खरे तर याच थांबण्यापासून सुरू व्हायला हवे. आपल्याकडे तो प्रश्न कुणी विचारतच नाही.

उत्तर त्याच्याच मळ्यात, मोटारीच्या पेटीवर असते. पेटीवर शेजारी शेजारी दोन डायल असतात, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा. संध्याकाळी आजूबाजूच्या मोटारी सुरू झाल्या, डीपीवर लोड आला, की व्होल्टचा काटा डावीकडे घसरतो आणि अँपिअरचा काटा उजवीकडे चढतो. वडिलांनी हे हजारदा पाहिलेले आहे. ओहमचा नियम तारेच्या साध्या रोधाला लागू पडतो. फिरणारी मोटार म्हणजे नुसता रोध नव्हे. तिच्या आत फिरते चुंबकीय क्षेत्र असते आणि रोटर त्याच्यापेक्षा किंचित मागे राहून फिरतो. व्होल्टेज घसरले की क्षेत्र दुबळे होते. विहिरीतले पाणी मात्र तेवढेच वर चढवायचे असते, पंपाची मागणी फारशी घटत नाही. मग तेवढाच जोर काढण्यासाठी रोटर आणखी मागे पडतो, त्यातला करंट वाढतो आणि त्यापाठोपाठ बाहेरून ओढला जाणारा करंटही वाढतो. ढोबळ हिशेब असा: व्होल्टेज 415 वरून 332 वर आले, म्हणजे 20 टक्क्यांनी पडले, तर तेवढ्याच कामासाठी करंट जवळपास सव्वापट होतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. तासन्‌तास हे चालले की वाइंडिंगवरचे इनॅमल करपते आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन पडते. सुरू होतानाची गत याहून वाईट. तिथे टॉर्क व्होल्टेजच्या वर्गात घटतो. व्होल्टेज 20 टक्क्यांनी कमी, तर टॉर्क 36 टक्क्यांनी कमी. मोटार घुमते, पण उठत नाही.

एवढ्या एका प्रश्नात फॅरडेचा 1831 चा शोध आहे, लेंझचा नियम आहे, उष्णतेचा हिशेब आहे. केबलची भर घालायची असेल तर तीही घाला. पाच एचपीची थ्री फेज मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते. डीपीपासून विहिरीपर्यंत 300 मीटर तांब्याची केबल, जाडी 2.5 चौरस मिलिमीटर. एका तारेचा रोध दोन ओहमच्या आसपास येतो, तारेमागे 15 व्होल्ट वाटेतच जातात आणि दोन फेजमधल्या 415 पैकी मोटारीला 389 च्या जवळपास मिळतात. हा आकडा काढता येणारा मुलगा घरी जाऊन सांगू शकतो, की केबल एक नंबर जाड घ्या, तेवढ्यात मोटारीचे आयुष्य वाढेल.

आता आपल्या वह्या पाहा. उदाहरणात 'दिलेले' म्हणून चार आकडे, खाली सूत्र, सूत्रात आकडे, शेवटी चौकटीत उत्तर. आकृती नाही. उत्तर साधारण किती यावे याचा आधी बांधलेला अंदाज नाही. सर्किटमधला करंट 4,000 अँपिअर आला तरी हात थबकत नाही. सर्वांत वाईट वाटते ते किरचॉफच्या नियमांवरच्या उदाहरणात. एखाद्या शाखेतला करंट ऋण आला की मुले घाबरून ते चिन्ह रबराने खोडतात. ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच, की आपण गृहीत धरलेल्या दिशेच्या उलट करंट वाहतो आहे. ते चिन्ह म्हणजे सर्किटने दिलेले उत्तर आहे, आणि आपण तेच पुसून टाकतो. गुस्ताव्ह किरचॉफने हे नियम 1845 मध्ये मांडले तेव्हा तो 21 वर्षांचा होता, केनिग्सबर्गच्या विद्यापीठातला विद्यार्थी. आपल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्याच वयाचा.

दोष मुलांचा नाही. शाळेत ती विद्युतधारा, विभवांतर, रोध हे शब्द शिकतात, अकरावीत तेच सगळे इंग्रजीत येते आणि मळ्यात तिसरीच भाषा चालते: लोड, फेज, डीपी, अँपिअर. तिन्ही भाषा एकाच गोष्टीबद्दल बोलतात हे सांगणारे कुणी भेटत नाही. त्यात परीक्षा सोडवलेल्या उदाहरणांतूनच आकडे बदलून येते. जे विचारले जात नाही ते शिकले जात नाही, हे शिक्षकांनाही कळते, पण पेपर काढताना हात जुन्याच वाटेने जातो.

आणि हे नाशिकमध्ये व्हावे, याची खंत जास्त आहे. एकलहऱ्याला 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. सातपूर-अंबडमध्ये स्विचगिअर आणि ट्रान्सफॉर्मर बनतात. करंट ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू चालू लाइनवर कधीही उघडी ठेवू नये, हा तिथल्या कामगाराला पहिल्या आठवड्यात सांगितला जाणारा नियम. का ठेवू नये, हे फॅरडेच्या नियमाचे पदवीला शोभणारे सुंदर उदाहरण आहे. 11 केव्हीचे 220 केव्ही केले तर तेवढ्याच विजेसाठी करंट विसावा होतो आणि त्याच तारेतला तोटा चारशेवा. हेही पाठ्यपुस्तकाबाहेर, आपल्या डोक्यावरच्या तारांत रोज चालले आहे. याच शहराजवळ, देवळालीच्या शाळेत, 1930 ते 1962 अशी वर्षे शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर गुरुजींनी हाताने वजाबाक्या करत 6174 ही संख्या जगाला दाखवली. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. उत्तर आल्यावरही ते आकड्यांना सोडत नसत, एवढेच.

म्हणून पेपर काढणाऱ्यांना विनंती आहे. पाच गुणांच्या उदाहरणात एक गुण आकृतीला द्या, एक आधी बांधलेल्या अंदाजाला. दरवर्षी किमान एक प्रश्न असा घाला, जो कुठल्याही गाइडमध्ये सोडवलेला नाही आणि ज्याचा आकडा जिल्ह्यातल्याच एखाद्या विहिरीवरून, सबस्टेशनवरून किंवा कारखान्यातून आला आहे. प्राध्यापकांनी वर्गाला एकदा रिवाइंडिंगच्या दुकानात न्यावे. जळालेली कॉइल हातात घेतली, तिचा वास घेतला, की आय वर्ग आर हे सूत्र पाठ करावे लागत नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, या रविवारी घरी जाल तेव्हा मोटारीच्या पेटीसमोर उभे राहा. पेटी उघडू नका, हात लावू नका. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा दोन्ही काट्यांचे आकडे वहीत लिहा, आणि सोमवारी ती वही वर्गात घेऊन या.