लाल दिवा आणि माझे गुडघे

मंडळी, गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा साताऱ्याहून फोन आला. "ताई, तू गुडघ्यांना लेझर घेतलंस ना? मलाही घ्यायला सांगताहेत. पेन्शनचे पैसे मोडू का?" फोनवर धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, त्याची पावती गुडघ्यांनी दिली. काही वर्षं वेदनाशामक गोळ्या घेतल्या. मग रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. दुखणं मात्र कुठे बंद होतं? तेव्हा लेझरचं नाव निघालं.

मी मराठीची मास्तरीण, विज्ञान बेताचंच. पण न वाचता पैसे द्यायचे नाहीत, ही जुनी खोड. पहिला लेझर १९६० साली तयार झाला. पुढे १९६७ मध्ये बुडापेस्टचे डॉक्टर एंड्रे मेस्टर उंदरांवर प्रयोग करत होते. केस भादरलेल्या जागी सौम्य लेझर पडला, तिथे केस लवकर उगवले. या उपचाराची सुरुवात तिथली. हा लेझर कापत नाही, भाजतही नाही. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं एक विकर हा प्रकाश शोषून घेतं आणि त्यातून सूज व वेदना कमी होतात, असं मानलं जातं.

मग गुण येतो का? २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये मानदुखीवरच्या १६ चाचण्यांचा आढावा आला. जुनाट मानदुखीत उपचार संपल्यावर २२ आठवड्यांपर्यंत आराम दिसला होता. गुडघ्यांच्या झिजेवरचा २०१९ चा एक आढावा सांगतो की योग्य मात्रा दिली तर दुखणं कमी होतं. मात्रा चुकली तर लाल दिव्याखाली बसून घरी यायचं, एवढंच!

मी दहा वेळा गेले. सहाव्या-सातव्या खेपेपासून जिना चढताना रेलिंग घट्ट धरावं लागेना. पण खरं सांगायचं तर त्याच दिवसांत फिजिओथेरपिस्ट मुलीने मांडीचे व्यायामही करून घेतले होते. शिवाय रोज सून सोबत यायची, गप्पा व्हायच्या. आता गुण लेझरचा, व्यायामाचा की गप्पांचा? उत्तरपत्रिका तिघांची एकच, गुण वाटायचे कसे?

माझी तक्रार लेझरवर नाही, विकण्याच्या रीतीवर आहे. आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथे ठामपणे सांगितलं, "आजी, झीज भरून येईल, ऑपरेशन टळेल." तशी खात्री देण्याजोगा पुरावा मला कुठे वाचायला मिळाला नाही. अहो, सत्तरी ओलांडलेल्या बाईला चार महिने कमी दुखलं, देवळापर्यंत चालता आलं, हे काय थोडं आहे? तेवढंच खरं सांगा ना! खोटी आशा दाखवली की पुढे दुखलं तर म्हातारं माणूस स्वतःलाच दोष देतं. ते मला जास्त लागतं.

तेव्हा बाई, तुझ्यासाठी माझं मत असं. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव. लेझरवाल्यांना तरंगलांबी आणि मात्रा विचार. नीट सांगता आलं नाही तर परत फीर. डोळ्यांना चष्मा लावायला देतात का बघ. कुठे गाठबिठ असेल तर आधी सांग. सगळे पैसे एकदम भरू नकोस, थोड्या खेपांचे भर आणि रोज किती चाललीस ते वहीत लिही. व्यायाम मात्र सोडू नकोस, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि हो, एकटी जाऊ नकोस. मी दिवाळीनंतर येतेच आहे. दोघी मिळून जाऊ.