थापी हाती केव्हा येणार?

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईचे नाव मिरचीच्या बाजारामुळे दूरवर ठाऊक आहे. परंतु मिरचीची तोड संपली की कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि भूमिहीनाच्या मुलापुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर त्या बाजारात मिळत नाही. तो मुलगा जालन्याची वा छत्रपती संभाजीनगरची वाट धरतो आणि एखाद्या गवंड्याच्या हाताखाली उभा राहतो. पोरगा काम शिकतो आहे, असे घरी समाधान मानले जाते. हे शिकणे म्हणजे नेमके काय, याचा विचार कामगार चळवळीने पुरेसा केलेला नाही.

या मुलाच्या वाट्याला प्रथम येते ते वाळू चाळणे, माल कालवणे, घमेली वाहणे आणि नव्या बांधकामावर पाणी मारणे. ओळंबा कसा धरावा, सूत कसे लावावे, गिलाव्याचा हात कसा फिरवावा, हे त्याने जाता-येता पाहून घ्यावयाचे. शिकवणे सर्वस्वी मिस्त्रीच्या मर्जीवर अवलंबून असते. त्यात एकट्या मिस्त्रीला दोष देणे अन्यायाचे होईल. तो स्वतः ठोक दराने काम करतो. शिकवण्यात गेलेला तास त्याच्याच मजुरीतून वजा होतो. मालक मात्र 'अजून शिकाऊ आहे' या एका सबबीवर वर्षानुवर्षे अर्ध्याकच्च्या मजुरीत पुरे काम करून घेतो. शेजारी घमेले वाहणाऱ्या स्त्रीला तर शिकाऊ म्हणण्याचेही सौजन्य कोणी दाखवीत नाही. तिचे केस पिकतात, पण थापी तिच्या हाती क्वचितच येते.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात लेखी करार, विद्यावेतन आणि अपघाताची भरपाई यांची तरतूद आहे. परंतु शिकाऊ नेमण्याची सक्ती आहे ती ३० वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर. पाच-सात जणांच्या टोळीतला आपला मुलगा या कायद्याच्या लेखी शिकाऊ ठरतच नाही. मग निदान कामगार म्हणून तरी त्याची दखल घेतली जाते काय? १९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कल्याण निधीची सोय केली. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम, ही अट घातली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. आपला मुलगा नव्वद दिवसांहून कितीतरी अधिक राबतो. पण चार मिस्त्री आणि सहा इमारती पालटलेल्या या मुलाच्या दिवसांचा दाखला कोण देणार? आणि तो सोळा वर्षांचा असेल तर नोंदणीचे दारच बंद!

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लक्षावधी हातांनी खडी फोडली. त्या अनुभवातून १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला आणि काम मागण्याचा हक्क मान्य झाला. काम शिकण्याचा हक्क मात्र अजूनही मागितलेला नाही. बिगारी आणि गवंडी यांच्या रोजातील अंतर हीच त्या हक्काची किंमत होय, आणि ती रोज संध्याकाळी मोजली जाते.

म्हणून कार्यकर्त्यांनी सणासुदीला गावी परतलेल्या या मुलामुलींना एकत्र बसवावे. प्रत्येकाच्या हाती एक वही द्यावी आणि तीत तारीख, कामाची जागा, मुकादमाचे नाव व मिळालेली मजुरी रोज लिहावयास सांगावे. अठरा पूर्ण झालेल्यांची नोंदणी गावातच करून घ्यावी आणि दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत त्यांच्यासोबत जावे. उपकराच्या पैशातून तालुक्याच्या ठिकाणी गवंडीकामाचे वर्ग निघावेत, शिकण्याच्या दिवसांचा रोज मिळावा आणि त्यात स्त्रियांना समान प्रवेश असावा, ही मागणी लावून धरावी. दुसऱ्यांची घरे उभारणाऱ्या हातांना आपला धंदा शिकण्यासाठी कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागू नये, एवढे तरी आपण घडवून आणले पाहिजे.