आधी मोजा, मग वाचवा : बाणासुराच्या डोंगरावरचा पक्षी आणि आपण

केरळच्या वायनाड जिल्ह्यात बाणासुर नावाचा डोंगर आहे. बाणासुर म्हणजे बळीराजाचा मुलगा. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त ज्या बळीराजाचा इतिहास मांडला, त्याचाच वारस. या डोंगरमाथ्यावरच्या शोला जंगलात बाणासुर लाफिंगथ्रश हा छोटा गाणारा पक्षी राहतो. त्याचा आवाज हसण्यासारखा, म्हणून हे नाव. त्या भागातली मोजकी उंच शिखरं सोडली तर जगात तो कुठेच नाही. आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त' अशी आहे.

अनेक कार्यकर्ते म्हणतील, इथे ॲट्रॉसिटीच्या केसेस उभ्या राहत नाहीत, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, आणि तुम्ही पक्षी काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. त्याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर मोजणीचं. 1851 साली या पक्ष्याची शास्त्रीय नोंद झाली, पण पुढे त्याला निलगिरीच्या पक्ष्याची उपजात मानलं गेलं. मोठ्या गटात धरल्यामुळे त्याचं स्वतःचं संकट दिसतच नव्हतं. स्वतंत्र प्रजाती म्हणून मोजल्यावर कळलं की हा किती थोडा उरलाय. 2017 सालच्या जनुकीय अभ्यासानेही त्याचं वेगळेपण पक्कं केलं.

माणसांच्या जाती निसर्गाने केलेल्या नाहीत, त्या लादलेल्या आहेत. त्यामुळे तुलना प्राण्याशी नाही, मोजणीच्या राजकारणाशी आहे. 1919 साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितलं, कारण दुसऱ्याच्या नावाखाली मोजला जाणारा समाज हक्काच्या वेळी गायब होतो. सगळ्या जातींची शेवटची प्रसिद्ध गणना 1931 ची. 2025 साली केंद्राने ती पुन्हा घ्यायचं मान्य केलं. मधली नव्वदहून अधिक वर्षं कोणाच्या सोयीची होती, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं उत्तर अधिक महत्त्वाचं. यादी सांगते कोण संपतंय. कोणी संपवलं, हे सांगणं चळवळीचं काम आहे. वायनाडचे डोंगर इंग्रजांच्या काळापासून चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी साफ झाले. नंतर वनखात्यानेच निलगिरीची झाडं लावली. त्याच वायनाडात वळ्ळियूरकावू देवळाच्या जत्रेत पणिय आदिवासींची वर्षभराच्या वेठबिगारीसाठी बोली ठरायची. जंगल कापणारे आणि माणूस बांधून ठेवणारे एकाच व्यवस्थेचे लाभार्थी होते.

2003 साली सी. के. जानू यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन आदिवासी मुथंगाच्या जंगलात झोपड्या बांधून बसले. 19 फेब्रुवारीला गोळीबार झाला. एक आदिवासी आणि एक पोलीस मेला. मुथंगा हा या पक्ष्याचा अधिवास नव्हे, पण तिथेही तोच युक्तिवाद झाला : आदिवासी आले की जंगल गेलं. मळेवाल्यांबद्दल असं कोणी म्हणत नाही.

हाच युक्तिवाद पुढे दिल्लीत पोचला. वन्यजीव संरक्षणवाल्या संस्थांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारी 2019 रोजी, वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश दिला. देशभर संताप उसळला. 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली.

वास्तविक 2006 च्या वनहक्क कायद्यात पक्षी आणि माणूस दोघांचाही विचार आहे. सहजीवन अशक्य आहे हे सिद्ध झाल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय वन्यजीवांच्या नावाखाली कोणालाही हलवता येत नाही. जंगल राखण्याचा अधिकारही हाच कायदा ग्रामसभेला देतो. पण हे कलम वाचणारे कमी आणि जंगलात सेल्फी काढणारे पर्यावरणप्रेमी जास्त.

म्हणून मित्रांनो, पर्यावरण हा सवर्णांचा छंद म्हणून सोडून देऊ नका. आपण सोडलेल्या जागेवर तेच लोक बसतात आणि आपल्याच माणसांच्या विरोधात याचिका टाकतात. पुढच्या वेळी एखाद्या पक्ष्यासाठी गाव उठवायची भाषा ऐकू आली, तर दोन प्रश्न विचारा : आधीचं जंगल कोणी कापलं? आणि ग्रामसभेची लेखी संमती कुठे आहे?

पक्षी वाचलाच पाहिजे. पण त्याच्या जगण्याची किंमत सगळ्यात कमी जमीन असलेल्या माणसाने मोजायची, हे चालणार नाही.

जय भीम!