सगळी दारं उघडी ठेवणाऱ्यांस

चेन्नईत दहावीचा निकाल लागला की मराठी घरांतही एकच चौकशी होते: ग्रुप कुठला? सायन्स की कॉमर्स, असं इथे कुणी विचारत नाही. विचारतात तो ग्रुप, आणि बऱ्या मार्कांच्या मुलाकडून अपेक्षित उत्तरही एकच असतं: फर्स्ट ग्रुप. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र. खानापूर-आटपाडीकडून सोन्याचांदीच्या गलाईसाठी येऊन सौकारपेठेत स्थिरावलेलं घर असो, नाहीतर पुण्याहून बदली होऊन ओएमआरवर राहायला आलेलं. कारण तेच सांगितलं जातं. डॉक्टरकीचंही दार उघडं, इंजिनिअरिंगचंही.

या मंडळींचं म्हणणं आधी नीट मांडायला हवं, कारण ते मूर्खपणाचं नाही. ते म्हणतात, पंधरा वर्षांच्या पोराला काय कळतं? आज त्याला प्राणी आवडतात, उद्या रोबोट आवडतील. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही हाताशी असलं की अभियांत्रिकी, वैद्यकीय, कृषी, शुद्ध विज्ञान, कुठेही अर्ज टाकता येतो. शिवाय बारावीनंतर बी.कॉम.ला किंवा कायद्याला जायलाही आडकाठी नाही. कॉमर्स घेतलेल्या मुलाला मात्र एमबीबीएसकडे वळता येत नाही. म्हणजे एका बाजूला सगळं, दुसऱ्या बाजूला थोडं. मग शहाण्या माणसाने काय निवडावं?

यातली अनिश्चिततेची भीती खरी आहे. तिच्यावरचा उपाय मात्र चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे बारावीच्या रचनेतच दिसतं.

तमिळनाडूच्या राज्य मंडळात प्लस टूला सहा विषय असतात: एक भाषा, इंग्रजी आणि चार मुख्य विषय. प्रत्येकी 100 गुण, एकूण 600. पास व्हायला प्रत्येक विषयात 35. आता अभियांत्रिकीचा कट-ऑफ पाहा. गणिताचे 100, भौतिकशास्त्राचे 50, रसायनशास्त्राचे 50, एकूण 200. चौथ्या विषयाला त्यात शून्य किंमत. उलट नीटच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनचे. तिथे गणिताला शून्य. म्हणजे फर्स्ट ग्रुपमधलं मूल कोणत्याही रांगेत उभं राहिलं तरी त्याचा एक मुख्य विषय त्या रांगेपुरता बिनकामाचा ठरतो. 'असू दे' म्हणून जीवशास्त्र घेतलेला, मन गणितात असलेला मुलगा त्या 360 पैकी किती मिळवणार? त्याचं वैद्यकीयचं दार अर्जाच्या कागदावर उघडं असतं, गुणवत्ता यादीत नाही. तरीही घरचे त्याला जेईई आणि नीट अशा दोन्ही शिकवण्यांना घालतात, कारण दार उघडं ठेवायचं तर तिथे पहाराही द्यावा लागतो. शाळा सुटल्यावर एक क्लास, रविवारी दुसरा, आणि दोन्हीकडे निम्मं मन.

महाराष्ट्रातून आलेल्या पालकांच्या डोक्यात आणखी एक समज घट्ट बसलेला असतो: बारावी नावापुरती, खरी लढाई सीईटीची. हा समज घेऊन चेन्नईत राहणं धोक्याचं आहे. तमिळनाडूने 2006 मध्ये कायदा करून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीची राज्याची प्रवेश परीक्षाच रद्द केली. नीटमुळे वैद्यकीय प्रवेश पुढे त्यातून सुटले, पण अभियांत्रिकीचे राज्य समुपदेशनातले प्रवेश 2007 पासून आजवर बारावीच्या गुणांवरच होतात. अण्णा विद्यापीठाच्या गिंडीच्या कॉलेजात, म्हणजे 1794 साली सर्वेक्षण शाळा म्हणून सुरू झालेल्या त्या जुन्या संस्थेत जायचं, तर बोर्डाच्या पेपरातला एकेक गुण मोजला जातो. गणितात सेंटम, म्हणजे शंभरपैकी शंभर, मिळालेल्या मुलाचं नाव इथल्या गल्लीत घेतलं जातं ते उगाच नव्हे. अशा गावात 'बोर्ड काय, होऊन जाईल' म्हणत मुलाला नुसत्या क्लासच्या हवाली करणं म्हणजे ज्या परीक्षेवर सीट मिळते तीच सोडून दुसरीची तयारी करणं. सीबीएसईच्या मुलांनाही हे लागू आहे. शिवाय तिथे 75 टक्के हजेरीची अट आहे, आणि नावापुरत्या प्रवेशाच्या शाळांवर त्या मंडळाने अलीकडे कारवाईही केली आहे.

आता दुसरी बाजू. ती वेगळंच बोलते. ग्रुपच मोडीत काढा, अमेरिकेसारखं करा, असं तिचं म्हणणं. तिकडे मूल शेवटच्या वर्षी क्रेडिटं मोजतं, इंग्रजीची चार वर्षं झाली का, गणिताची किती झाली, आणि उरलेल्या तासांत मातीकाम नाहीतर खगोलशास्त्र घेतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत पाडा असं सांगितलं आहे. मग आपल्या मुलांनी पेटीबंद विषय का घ्यावेत?

या मंडळींना मी मद्रासचाच एक जुना कागद दाखवीन. 1952 मध्ये केंद्र सरकारने माध्यमिक शिक्षण आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार, मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू. त्या पदावर ते 1942 पासून 1969 पर्यंत होते. स्वतः नामवंत प्रसूतितज्ज्ञ, मद्रास मेडिकल कॉलेजचे माजी प्राचार्य. या डॉक्टरांच्या आयोगाने ग्रुप सुचवले ते दोन-तीन नव्हे, सात: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललितकला आणि गृहविज्ञान. भाषा, सामाजिक अभ्यास, सामान्य विज्ञान आणि एखादी हस्तकला सगळ्यांना. त्यावर एका ग्रुपमधले तीन विषय. आणि पुढची तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते: हवं तर आणखी एक विषय, सातांपैकी कुठल्याही ग्रुपमधून. विज्ञानाच्या मुलाने संगीत घ्यावं, कृषीच्या मुलाने हिशेबलेखन घ्यावं, आयोगाची हरकत नव्हती.

झालं काय? बहुउद्देशीय शाळा निघाल्या, पण शिक्षक नव्हते, प्रयोगशाळा नव्हत्या, कार्यशाळा नव्हत्या. सातांतले बहुतेक ग्रुप कागदावर राहिले. दहा वर्षांनी कोठारी आयोगाने विषयांची फाटाफूट दहावीनंतरवर ढकलली. 10+2 चा आकृतिबंध आला, तमिळनाडूत 1978 पासून प्लस टू सुरू झालं. एवढ्या वाटचालीत सातांचे उरले किती? आणि उरले त्यांची उतरंड लागली. बहुतेक शाळांत ग्रुप मुलाने निवडायचा नसतो, दहावीचे मार्क पाहून शाळेने द्यायचा असतो. वरच्यांना फर्स्ट ग्रुप, मग संगणकाचा, शेवटी कॉमर्स. आणि त्याच्याही खाली व्होकेशनल, ज्याचं नाव पालक हळू आवाजात घेतात. (गंमत अशी की चेन्नईतल्या नामांकित कॉलेजांत बी.कॉम.ची जागा मिळवणं हे सामान्य इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळवण्यापेक्षा अवघड असतं.) तेव्हा मोकळ्या निवडीच्या पुरस्कर्त्यांनी आधी सांगावं, शिक्षक कुठून आणणार? सीबीएसईच्या नियमांत इंग्रजीबरोबर जवळपास कुठलेही चार विषय घेता येतात. तरी शाळेच्या माहितीपत्रकात छापलेल्या असतात तीन नाहीतर चार ठरलेल्या जोड्या. नियमाने दिलेली मोकळीक वेळापत्रकात अडकते.

मग माझं म्हणणं काय?

पहिलं, गणित सोडू नका. हे मी गणिताच्या प्रेमापोटी म्हणत नाही. अकरावीत जी दारं खरोखर बंद होतात ती बहुतेक गणित सोडल्याने होतात. अभियांत्रिकी, वास्तुकला, सैन्यदलाची हवाई आणि नौदल शाखा, संख्याशास्त्र, अर्थशास्त्राचे अनेक चांगले अभ्यासक्रम, आणि चेन्नईच्या सिरुसेरीतलं चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, सगळीकडे बारावीचं गणित लागतं. कॉमर्स घेणाऱ्यांनीही बिझनेस मॅथ्स किंवा सीबीएसईचं उपयोजित गणित घ्यावं. हा दुसरा विषय 2020-21 पासून सुरू झाला आहे. अट एकच: कुठलं गणित कुठे चालतं ते त्या-त्या कॉलेजच्या पात्रतेत आधी वाचावं. उपयोजित गणितावर इंजिनिअरिंगला जाता येईल असं गृहीत धरणाऱ्यांची निराशा होते.

दुसरं, चौथी जागा मुलाची. राज्य मंडळात भौतिक, रसायन, गणित यांच्या जोडीला चौथा मुख्य विषय घ्यावाच लागतो. सरकारने 2019 मध्ये तीनच मुख्य विषयांचा 500 गुणांचा पर्याय आणला होता, पण 2020 मध्ये तो मागे घेतला. म्हणजे जागा आहेच, आणि कट-ऑफमध्ये ती मोजली जात नाही. दोन वर्षांच्या धकाधकीत ही एकच जागा अशी आहे जिच्यावर स्पर्धेची नजर नाही. तिथे भीतीपोटी जीवशास्त्र बसवायचं की मुलाला ज्याची ओढ आहे तो विषय? जीवशास्त्राचीच ओढ असेल तर ते अवश्य घ्यावं. फर्स्ट ग्रुपशी माझं वैर नाही, त्यामागच्या कारणाशी आहे. पण जो मुलगा रात्री उशिरापर्यंत प्रोग्राम लिहीत बसतो त्याला संगणकशास्त्राऐवजी वनस्पतींचं वर्गीकरण पाठ करायला लावू नये. सीबीएसईत तर याहून बरं आहे. पाच विषयांवर सहावा ऐच्छिक घेता येतो, आणि पाचांतला एखादा गेला तर तो नियमांनुसार त्याच्या जागी धरलाही जातो. मुदलियारांचा तो जादाचा विषय आज कुठे जिवंत असेल तर इथे. चित्रकला, कर्नाटक संगीत, मानसशास्त्र, शाळेत जे शिकवणारं कुणी असेल ते. 'मार्क वाया जातील' या धाकाने तो टाळू नये.

तिसरं, अकरावी गाळू नका. इथल्या अनेक खासगी शाळा अकरावीतच बारावीचा अभ्यासक्रम सुरू करत. तो प्रकार थांबवण्यासाठी 2017-18 पासून अकरावीलाही बोर्डाची परीक्षा आली. ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर झालेल्या राज्याच्या शैक्षणिक धोरणाने ती काढून टाकली. मुलांच्या डोक्यावरचा ताण कमी होईल हे खरं, पण शाळांचा जुना मोहही परत येईल. जेईई आणि नीट दोन्हींच्या प्रश्नपत्रिकेत अकरावीचा मोठा वाटा असतो. शाळा निवडताना ग्रुपआधी हेच विचारावं: अकरावीचं पुस्तक अकरावीत शिकवता का?

चेन्नईच्या मराठी घरांसाठी मात्र ग्रुपहूनही मोठा एक प्रश्न आहे, आणि तो कुणी विचारत नाही: बारावी कुठल्या राज्यात? महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी, ठरावीक अपवाद वगळता, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. अभियांत्रिकीला तिथे आई-वडिलांच्या अधिवासावर वाट निघते, वैद्यकीयला नाही. तमिळनाडूत अभियांत्रिकीच्या समुपदेशनासाठी आठवी ते बारावी इथे शिकलेलं असणं पुरतं, पण महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथे आरक्षणासाठी चालत नाही. मूल खुल्या गटात धरलं जातं. गलाईवाल्या घरांत पोराला दहावीनंतर विट्याला आजी-आजोबांकडे पाठवायचं की सौकारपेठेतच ठेवायचं, याचा निर्णय या नियमांवर व्हायला हवा. दहावी चेन्नईत झालेल्या मुलाला अकरावीसाठी गावी पाठवून राज्य कोट्याची आशा धरणाऱ्यांचं गणित मुळातच चुकलेलं असतं. ते चुकलं की पुढे जीवशास्त्र असो वा नसो.

आता उरला पूर्वपक्षाचा शेवटचा मुद्दा: मन बदललं तर? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलं की बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून पूर्ण करणाऱ्यालाही नीट देता येईल. ज्या दारासाठी दोन वर्षं पहारा द्यायचा, ते बाहेरून पुन्हा उघडतं. इंजिनिअरिंगची पदवी हुकली तर विज्ञान किंवा व्होकेशनलच्या बारावीवर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. आयआयटी मद्रासने 2020 मध्ये सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला बारावीचा ग्रुप विचारला जात नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी असावं आणि त्यांची पात्रता परीक्षा पास व्हावी, एवढंच. कॉमर्सच्या किती मुलांना हे त्यांच्या शाळेत कुणी सांगितलं असेल?