मागे बसायचं नाही

आमच्या गॅरेजचा इतिहास वाचकांना पाठ आहे. ट्रेडमिल आली, स्नोब्लोअर आला, गेल्या वर्षी मधमाश्यांची पेटी थोडक्यात टळली. या आठवड्यात एटीव्ही आली. चार गुबगुबीत टायरची, चिखलातून आणि दगडधोंड्यांतून जाणारी, सेकंडहँड. कॅनडात वॉनमध्ये आम्ही राहतो तिथे चिखल औषधालाही नाही. मोटरवर चालणारं वाहन न्यायचंच नाही अशी यॉर्क रीजनच्या जंगलात पाटी. हायवे चारशेवर तर या गाडीला सक्त मनाई. म्हणजे तिला फिरायला न्यायचं तर आधी ट्रेलर हवा, ट्रेलर ओढायला ट्रक हवा. ट्रक मित्राचा आहे. उत्तरेकडे शेतही मित्राचंच आहे. "मग गाडीही मित्रानंच घेतली असती तर?" असं मी विचारलं, तेव्हा नवरा मॅन्युअल वाचत होता. पोथी वाचताना मधे बोलायचं नसतं.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. गाडीची सीट चांगली ऐसपैस आहे. दोघं आरामात मावतील, मधे डबाही राहील. मी हौसेनं मागे बसायला गेले, तर नवऱ्यानं मडगार्डवरच्या स्टिकरकडे बोट दाखवलं. त्यावर मागे बसलेल्या माणसाचं चित्र, आणि त्याच्यावर लाल काट. डबलसीट नाही!

"मग एवढी लांब सीट कशाला?" तर म्हणे ती एकट्यालाच हलायला. चढाला पुढे सरकायचं, उताराला मागे, वळणावर आतल्या अंगाला झुकायचं. ही गाडी हँडलनं जेवढी वळते तेवढीच बसणाऱ्याच्या वजनानं वळते. मागे कुणी बसलं की वजन मागच्या चाकांवर जातं, चढावर पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी अंगावर येते. दोघांसाठी बनवलेल्या एटीव्हीही मिळतात, त्यांची सीट आणि पायठेवणी वेगळी असते. त्या महाग पडतात. हे शेवटचं वाक्य तो जरा हळू आवाजात म्हणाला.

आता माहिती, एकदाच. होंडानं 1970 साली तीन चाकांची अशी गाडी आणली आणि पुढच्याच वर्षी जेम्स बाँड तीवर बसून पळाला. तीन चाकांवर माणसं फार उलटायला लागली म्हणून 1988 साली अमेरिकेत तिची नवी विक्री थांबली. चार चाकांची सुझुकीनं 1982 सालीच आणली होती. आमच्या ओंटारिओत गाडीची नोंदणी लागते, नंबरप्लेट पुढे लावावी लागते, स्वतःच्या जमिनीबाहेर गेलं की विमा आणि हेल्मेट सक्तीचं, तेही हनुवटीखाली पट्टा लावून. कॅनडा सेफ्टी काउन्सिलचा शिकवणी वर्गही असतो. त्याला जा म्हणून मी मागे लागले आहे. "चाळीस वर्षं गाडी चालवतोय" हे उत्तर तुम्हालाही पाठ असेल.

ती चाळीस वर्षंच आडवी येतात. नवरा चेतक स्कूटरवर वाढलेला. पहिल्या दिवशी गाडी सुरू करून त्यानं झोकात मूठ पिळली. गाडी ढिम्म. या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर मुठीत नसतो, उजव्या अंगठ्याखाली एक छोटी पट्टी असते. अंग इकडेतिकडे झुकवताना मूठ चुकून पिळली जाऊ नये म्हणून तशी केलेली. तासाभरात अंगठा सुजला. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन माणूस शेवटी अंगठेबहाद्दर झाला. दुसरी सवय त्याहून वाईट. गाडी जरा कलली की स्कूटरवाला पाय खाली टेकतो. इथे टेकलेला पाय सरळ मागच्या चाकाखाली जातो. मित्राच्या शेतावर मी कुंपणापलीकडून दिवसभर एकच मंत्र म्हणत होते, "पाय वर, पाय वर!"

हवेचंही तेच. गाडी म्हटली की हवा ठणठणीत, या संस्कारानं त्यानं पेट्रोल पंपावर वीस पौंड भरून घेतले. टायरवर लिहिलं होतं पाच. ते पाच मोजायला निराळा गेज लागतो, आणि तो आमच्याकडे नव्हता. मग शेतात गाडी चेंडूसारखी टप्पे खात गेली आणि संध्याकाळी नवऱ्याच्या कमरेला बाम मी चोळला. आता दर खेपेनंतर सायलेन्सरच्या आजूबाजूला अडकलेलं वाळकं गवत काढायचं असतं, नाहीतर तापून पेट घेतं. ते जुन्या टूथब्रशनं मी काढते. एअर फिल्टर फोमचा असतो, तो धुऊन, वाळवून त्याला तेल लावायचं. धुतला कुठे? माझ्या सिंकमध्ये. तीन दिवस वरणाला पेट्रोलचा वास.

शेजारच्या इटालियन आजोबांच्या गॅरेजमध्ये सप्टेंबरात टोमॅटोचा सॉस शिजतो. ते हातात पळी घेऊनच बघायला आले. गाडीभोवती एक फेरी मारली, तोंड वाकडं केलं आणि कालाब्रियातल्या त्यांच्या व्हेस्पाची गोष्ट सुरू केली. नवऱ्याचा चेहरा उजळला. बजाजनं पुण्यात आधी पियाजियोच्या परवान्यावर व्हेस्पाच बनवली, 1971 साली करार संपला आणि 1972 पासून चेतक. म्हणजे या दोघांच्या स्कूटर नात्यानं मावसबहिणी. भाषा दोघांचीही तुटकी, पण गाडी सुरू होत नसेल तर काय करायचं हे सांगताना दोघांनी एकदम हात पसरून, कमरेतून वाकून, अदृश्य स्कूटर एका कुशीवर आडवी केली. मला हसू आवरेना. तीनशे किलोची ही गाडी कुशीवर आली तर ती पेट्रोल खेचायला नव्हे, माणूस खेचायलाच येईल, हे त्या दोघांना सांगायचं कुणी?

आमची चेतक 1986 साली घेतली, तीही सेकंडहँडच. कात्रजचा घाट आम्ही तिच्यावर चढलो आहोत: लेक पुढे उभी, मी मागे एका बाजूला बसलेली, मांडीवर बरणी, पाठीशी स्टेपनी. हेल्मेट कुणालाच नाही. घाटात ती दमली की मी उतरून चालायचे आणि वळणावर पुन्हा चढायचे. मॅन्युअल होतं की नाही, कुणी पाहिलं? आज ते आठवून माझ्याच अंगावर काटा येतो. तरी त्या लाल काटेचा राग काही जात नाही.

परवा नवरा ट्रेलरचे पट्टे आणायला गेला होता. गाडी गॅरेजमध्ये बंद उभी. किल्ली त्याच्या खिशात. मी मेथीची जुडी घेऊन गेले आणि बसले मागे, एका बाजूला, जुन्या सवयीनं. पाय ठेवायला जागा नाही. धरायला काही नाही. मागे रॅक मात्र आहे, त्यावर परात छान राहते. अर्धी जुडी झाली तेव्हा शटर वर गेलं.

"स्टिकर वाचलास ना?"

"इंजिन बंद आहे," मी म्हटलं. "फ्रिजमधून दुसरी जुडी दे."