परदेशीचे मत व युद्धाचा प्रश्न

आमचा एक जुना विद्यार्थी, मूळचा रोह्याचा, बरीच वर्षे अमेरिकेत आहे. तेथील नागरिकत्वाची शपथ घेऊन तो आता मतदार झाला असून, “गुरुजी, मत कोणास द्यावे?” असे त्याने पत्राने आम्हांस विचारले. पेणेत ओटीवर बसून अमेरिकेच्या राजकारणाविषयी अभिप्राय देणे कितपत शोभते, अशी शंका प्रथम मनात आली. परंतु त्या शपथेत, कायद्याने आज्ञा केल्यास त्या देशासाठी शस्त्र धारण करीन, असेही एक वचन आहे. ज्याने एवढे वचन दिले, त्याने ती आज्ञा कोण देतो हे पाहावयास नको काय?

त्या देशाच्या घटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार अध्यक्षास दिलेला नाही. तो काँग्रेसचा, म्हणजे लोकप्रतिनिधींचा आहे. तथापि १९४२ नंतर काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारल्याचे एकही उदाहरण नाही, आणि युद्धे मात्र कोरियापासून इराकपर्यंत चालूच राहिली. १९६४ मध्ये व्हिएतनामविषयी अध्यक्षास मोकळीक देणारा ठराव आला, तेव्हा सेनेटात विरुद्ध मते पडली ती दोनच, मॉर्स व ग्रूनिंग यांची. १९६८ मध्ये हे दोघेही आपापली जागा गमावून बसले. पुढे १९७३ मध्ये अध्यक्षाचा नकार डावलून काँग्रेसने साठ दिवसांची मर्यादा घालणारा कायदा केला खरा. पण त्याला वळसा कसा घालावा हे शास्त्र पुढील अध्यक्षांनी, पक्ष कोणताही असो, चांगलेच अवगत करून घेतले.

सप्टेंबर २००१ मध्ये प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ असे मतदान झाले. ते एक मत श्रीमती बार्बरा ली यांचे. आम्हांस कौरवसभेतील विकर्णाची आठवण झाली. भीष्मद्रोण खाली मान घालून बसले असता तो एकटा उठून बोलला होता. लीबाईंचे नशीब मात्र मॉर्स-ग्रूनिंगांहून बरे. त्यांच्या मतदारांनी त्यांस २००२ मध्ये पुन्हा निवडून दिले. मतदाराचा पुरुषार्थ तो हाच, असे आम्ही समजतो.

अमेरिकेची सारीच युद्धे सारख्याच मापाने मोजावी, असे आम्ही म्हणत नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला, तेव्हा आगळीक इराकची होती. आणि जानेवारी १९९१ मध्ये सेनेटाने खरोखरीचा वाद करून ५२ विरुद्ध ४७ मतांनी निर्णय घेतला. निर्णय पटो वा न पटो, रीत पाळली गेली. त्या वेळी सुमारे १,७०,००० भारतीयांस विमानांनी स्वदेशी आणावे लागले. रोहे, म्हसळे, श्रीवर्धन या तालुक्यांतील कित्येक घरांची चूल आखातातील मिळकतीवर पेटते. तेव्हा वॉशिंग्टनातील हात वर होणे हा आमच्या पंचक्रोशीसही केवळ वर्तमानपत्री विषय नव्हे.

याच संदर्भात रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव आठवतात. १९१२ च्या मॅट्रिकमध्ये संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारा हा पुरुष (संस्कृत शिकवून जन्म काढलेल्यांस हा उल्लेख टाळवत नाही) जुलै १९४४ मध्ये रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर म्हणून अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथील ४४ राष्ट्रांच्या परिषदेस गेला होता. युद्धासाठी भारताने पुरविलेल्या मालाचे प्रचंड येणे ब्रिटनच्या वहीत साचले होते; आदल्याच वर्षी बंगालात लोक अन्नावाचून मेले होते. त्या येण्याचा प्रश्न आपल्या शिष्टमंडळाने काढला, आणि परिषदेने तो आपल्या कक्षेबाहेर ठेवला. युद्ध पुकारणारे एक व त्याचे देणे फेडणारे दुसरे, हे इतके उघड क्वचितच दिसते. पुढे कुलाब्याच्या मतदारांनी १९५२ मध्ये त्यांस लोकसभेत पाठविले, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. आपला प्रतिनिधी कसा असावा, याचे माप आमच्यापाशी आहे ते हे.

म्हणून शिष्यास आम्ही लिहिले, की पक्षाचे चिन्ह नंतर पाहावे; युद्धाचा प्रश्न आला असता उमेदवाराने मत कोणते दिले, किंवा त्या दिवशी तो कोठे दडला होता, हे आधी पाहावे. प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी येते. चूक झाल्यास दुरुस्तीस फार थांबावे लागत नाही. त्याने उलट विचारले की, “गुरुजी, विकर्ण शेवटी कौरवांच्याच बाजूने लढून मेला ना?” मेला खरा. यावर आम्हांस अद्याप उत्तर सुचलेले नाही.

परवा त्याच्या मातोश्री रोह्यास भेटल्या. नातवास सतरावे लागले आहे, “त्याला लढाईवर नेतील का हो?” असे त्यांनी विचारले. सक्तीची भरती तिकडे १९७३ मध्येच थांबली, असे सांगून आम्ही त्यांचे समाधान केले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे नाव सरकारी यादीत नोंदले जाते, हा कायदा मात्र तिकडे अजून आहे. तो आम्ही त्यांस सांगितला नाही.